‘अभिनय अप्रतिम, पण चित्रपट संथ’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार मित्रांनी मिळून एक संथ कौटुंबिक चित्रपट पाहिला. दोघांना तो वर्षातला सर्वोत्तम वाटला, एकाला तासाभरात झोप लागली आणि प्रश्न विचारणारे स्वतः कुंपणावर बसून आहेत. नटांनी कमाल केली आहे याबद्दल मात्र चौघांचं एकमत, झोपलेल्याचंसुद्धा. समीक्षकांनी चित्रपट डोक्यावर घेतलाय. प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया पाहाव्यात तर एक तर पाच तारे, नाहीतर एकच. मग भांडण आहे कशाचं? संथपणा हा दोष की शैली? आणि ज्याला झोप लागली त्याला सिनेमा कळत नाही का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, कारण ते सोपं आहे. झोपेवरून समज मोजता येत नाही. मी २२ वर्षं चित्रपटांचं संकलन करते आहे, त्यातले निम्मे तरी याच जातीचे, आणि महोत्सवांच्या अंधारात मी स्वतः कितीदा पेंगले आहे त्याची मोजदाद नाही. एकदा तर मीच संकलित केलेल्या चित्रपटाला डोळा लागला होता. (आदल्या रात्रीचं मिक्सिंग पहाटेपर्यंत चाललं होतं, एवढीच माझी सबब.)

बाकीचं उत्तर जरा लांब आहे.

तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात कामाचं वाटलं ते हे वाक्य: ‘अभिनय अप्रतिम, पण चित्रपट संथ.’ टेस्ट स्क्रीनिंगनंतर, म्हणजे प्रदर्शनाआधीच्या चाचणी खेळानंतर, प्रेक्षकांकडून जे कागद भरून घेतात, त्यांवर हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की आता अक्षरावरूनही ओळखेन. नवीन होते तेव्हा मला ते अर्धी स्तुती, अर्धी तक्रार वाटायचं. दिग्दर्शक पहिला अर्धा वाचून खूश व्हायचे. निर्माते दुसरा अर्धा वाचून मला सांगायचे, ‘दहा मिनिटं काढ.’ आता मला त्यात एकच दुखणं दिसतं. ज्या प्रेक्षकाला अभिनय वेगळा, सुटा, दाद देण्याजोगा दिसला, तो त्या वेळी बाहेर बसून बघत होता. जो आत गेलेला असतो त्याला अभिनय दिसत नाही, माणूस दिसतो. नंतर त्याला विचारा, ‘नट कसा वाटला?’ तर तो क्षणभर गडबडतो. तो नट होता हे त्याला आठवावं लागतं.

म्हणजे तुम्हाला चौघांचं जे एकमत वाटतंय, ते बहुधा एकमत नाहीच. एकच शब्द दोघं एका अनुभवासाठी वापरताहेत आणि दुसरे दोघं भलत्याच.

मग आत कोण जातं आणि बाहेर कोण राहतं? इथे लोक धीर काढतात, वय काढतात, मोबाइलवर बिघडलेली पिढी काढतात. थोडंफार तथ्य असेलही, पण संकलनाच्या टेबलावर बसून मला जे दिसतं ते वेगळं आहे. संथ चित्रपट प्रेक्षकाच्या मनातल्या एखाद्या प्रश्नावर उभा असतो. तो प्रश्न पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत हाती लागला, तर पुढचा सगळा संथपणा ताण होऊन बसतो. नाही लागला, तर तोच संथपणा नुसता वेळ होतो, आणि नुसता वेळ कुणालाच सोसत नाही, भल्याभल्या रसिकालाही नाही.

एक शॉट सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एका निवृत्त, एकट्या माणसाची गोष्ट आली होती. बायको गेलेली, मुलगी दूरच्या शहरात. एका सकाळी तो बाहेर पडायची तयारी करतो. पलंगाच्या कडेवर बसून उजव्या बुटाची नाडी बांधतो. बांधून झाल्यावर थांबतो. मग ती सोडतो, बूट काढतो, दोन्ही बूट जोडीने पलंगाखाली सरकवतो. एकच शॉट, कॅमेरा जागचा हलत नाही, लांबी ५१ सेकंद. नट ज्येष्ठ आणि फार वरच्या दर्जाचा. चेहऱ्यावर त्याने काहीही केलं नव्हतं. सगळं बोटांत होतं. गाठ मारताना बोटं सराईत, न बघता चालणारी. सोडताना तीच बोटं अशी चाचपडतात की ती गाठ दुसऱ्याच कुणीतरी मारली असावी.

सेटवर या शॉटला टाळ्या पडल्या होत्या म्हणे. मीही तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मशीन थांबवून बाहेर जाऊन आले. मग तीसेक जणांना रफ कट, म्हणजे चित्रपटाची कच्ची जुळणी, दाखवला. अशा वेळी मी पडद्याकडे बघत नाही, कडेला उभी राहून डोकी बघते. नाडीच्या शॉटला विसाव्या सेकंदाच्या आसपास डोकी हलायला लागली. खुर्च्या करकरल्या. कुणाच्या तरी मांडीवर फोनचा निळा उजेड पडला.

साहजिकच मी शॉट कापला. मध्ये खिडकीचा एक शॉट घालून दोन्ही बाजूंनी छाटला, ५१ सेकंदांचे २८ केले. दुसऱ्या गटाला दाखवला. चुळबुळ वाढली! संकलन शिकणाऱ्यांना हे पटत नाही, पण असं वारंवार घडतं: कापलेला शॉट लांब वाटू लागतो. ५१ सेकंदांत निदान बोटांची एक गोष्ट होती, तिला सुरुवात होती, वळण होतं, शेवट होता. २८ सेकंदांत बूट घालून काढणारा एक म्हातारा तेवढा उरला.

पुढचे दोन दिवस दिग्दर्शकाशी वादात गेले. शेवटी लक्षात आलं की गोम शॉटमध्ये नाहीच, क्रमात आहे. पटकथेत मुलीच्या फोनचा प्रसंग नाडीच्या नंतर होता. फोनवर ती म्हणते, ‘बाबा, मला यंदाही जमत नाहीये, तुम्हीच या ना इकडे.’ प्रेक्षकाला आधी हा माणूस कोड्यात टाकेल आणि मग उलगडेल, असा लेखकाचा हिशेब. कागदावर तो झकास होता. आम्ही फोन आधी आणला आणि शॉट पुन्हा पूर्ण ५१ सेकंदांचा केला, एकही फ्रेम न छाटता. आता तो जाणार की नाही हे त्या नाडीवर ठरत होतं, आणि हे बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. तिसऱ्या गटाच्या वेळी हॉल चिडीचूप होता. गाठ सुटली तेव्हा मागच्या रांगेतून एका बाईंचा अगदी हळू आवाज आला, ‘अहो, नको ना.’

नट तोच, काम तेच, सेकंदही तितकेच. पण तिसऱ्या गटाच्या कागदांवर ‘संथ’ हा शब्द फार थोड्यांनी लिहिला होता. आणि ज्याने मला खरं काही शिकवलं ते हे की ‘अभिनय’ हा शब्दही कमी झाला होता. लोकांनी त्या माणसाबद्दल लिहिलं होतं. त्याने जायला हवं होतं. मुलगीच वाईट. माझे वडीलही असेच आहेत.

‘प्रश्न’ म्हटल्यावर रहस्यकथेतला प्रश्न समजू नका. खून कुणी केला, पैसे कुठे गेले, असला नव्हे. विलंबित ख्याल ऐकताना समेची जी ओढ असते, त्या जातीचा. सम लांब असते, गवई वाटेत रमतो, पण ती येणार आहे आणि साधारण कुठे येणार आहे हे ऐकणाऱ्याच्या अंगात असतं. ज्याला ठेका पकडता आलेला नाही त्याला तोच गवई नुसता रेंगाळतोय असं वाटतं. यात त्याच्या कानाचा दोष नसतो. कधी कधी ठेकाच नीट लावलेला नसतो.

हा ठेका प्रेक्षकाला शिकवता येतो, याचं मला सुचणारं सर्वांत टोकाचं उदाहरण म्हणजे बेल्जियन दिग्दर्शिका शांताल आकरमन यांचा १९७५ मधला ‘जान दीलमान’. लांबी ३ तास २१ मिनिटं. एका विधवा गृहिणीचे तीन दिवस: स्वयंपाक, झाडलोट, मुलाचं जेवण, दुपारी देहविक्रयासाठी घरी येणारं गिऱ्हाईक. पहिला दिवस आपण तिची शिस्त बघतो, प्रत्येक काम पूर्ण वेळ घेऊन. दिव्याचं बटण, भांड्याचं झाकण, सगळं जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात. एवढंच. पण तोवर तुम्हाला तिचं वेळापत्रक पाठ झालेलं असतं, आणि ते भांडं हातात घेऊन ती घरभर हिंडते, ते कुठे ठेवावं हे तिला सुचत नाही, तेव्हा छातीत धस्स होतं. पहिल्या दिवशीच्या कंटाळ्यातून जे उठून गेले त्यांच्यासाठी बटाटे हे बटाटेच राहतात. २०२२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाने समीक्षकांकडून दर दहा वर्षांनी घेतलेल्या कौलात हाच चित्रपट सर्वोत्तम ठरला, आणि लगेच ‘हा कसला पहिला नंबर’ म्हणून गदारोळही झाला. दोन्ही बाजू आपापल्या जागी प्रामाणिक होत्या असं मला वाटतं.

याच्या उलट प्रकारही असतो. चित्रपट एक प्रश्न हातात देतो आणि मग तो गुपचूप काढून घेतो. इटालियन दिग्दर्शक अँटोनिओनी यांच्या ‘लाव्हेंतुरा’मध्ये एक तरुणी बेटावर नाहीशी होते, तिचा शोध सुरू होतो, आणि हळूहळू शोधणारेच तिला विसरतात. ती कुठे गेली हे कधीच कळत नाही. १९६० मध्ये फ्रान्समधल्या कानच्या महोत्सवात हा चित्रपट दाखवला तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, गंभीर प्रसंगांना लोक हसले. दुसऱ्या दिवशी चित्रपटकर्त्यांच्या आणि समीक्षकांच्या एका गटाने सह्या करून त्याच्या बाजूने पत्रक काढलं, आणि त्याच महोत्सवात त्याला ज्युरी पुरस्कारही मिळाला. हुर्यो उडवणारे मूर्ख होते असं मानायचं कारण नाही. बेपत्ता मुलीची गोष्ट सांगतो म्हणून बसवलं आणि सांगितली नाही, म्हणून ते चिडले. ज्यांना ‘लोक इतक्या लवकर कसे विसरतात?’ हा दुसरा प्रश्न मध्येच कुठेतरी सापडला, ते थक्क झाले. एकाच हॉलमध्ये, एकाच वेळी, दोन वेगळे चित्रपट चालू होते.

तुमच्या चौघांचंही असंच काहीसं झालं असणार. ज्या दोघांना चित्रपट भिडला त्यांना विचारा, ‘तुम्ही कशाची वाट बघत होता?’ ते पटकन सांगतील. ‘ती एकदा तरी बोलेल का याची.’ ‘भाऊ घर विकेल का याची.’ झोपलेल्याला विचारलंत तर तो म्हणेल, ‘काहीतरी घडायची.’ हा सगळा फरक.

आता यात आयुष्याचाही भाग येतो, तो नाकारण्यात अर्थ नाही. ज्याने घरात महिनोन्‌महिने आजारी माणूस सांभाळला आहे, त्याला पडद्यावरच्या बंद दाराकडे बघत बसलेली बाई समजावून सांगावी लागत नाही. त्याचा प्रश्न तो घरूनच घेऊन येतो. ज्याच्या वाट्याला ते आलेलं नाही त्याला दिग्दर्शकाने तो द्यायला हवा. पुष्कळ दिग्दर्शक देत नाहीत आणि वर ‘प्रेक्षक तयार नाही’ म्हणतात, तेव्हा मला वैताग येतो.

शॉटच्या लांबीबद्दल बरेचदा बोललं जातं, म्हणून दोन शब्द. चित्रपट-अभ्यासक डेव्हिड बॉर्डवेल यांनी हॉलीवूडच्या चित्रपटांचे शॉट मोजले. १९३० ते १९६० च्या काळात एका शॉटची सरासरी लांबी ८ ते ११ सेकंदांच्या आसपास होती. १९९९–२००० पर्यंत ती ३ ते ६ सेकंदांवर आली. डोळ्यांना कट जलद लागतात हे खरंच. पण यावरून ‘लांब शॉट म्हणजे संथ, तुकडे म्हणजे वेगवान’ असं गणित मांडलं की चुकलंच. दोन-दोन सेकंदांच्या तुकड्यांनी भरलेल्या पाठलागात मला जांभया आलेल्या आहेत, कारण नायकाला काही होणार नाही हे मला आधीच ठाऊक होतं. वेग कटांच्या संख्येत नसतो. पुढे काय याची उत्सुकता किती टिकून आहे, त्यात असतो.

आणि आता ज्या गोष्टीबद्दल आमच्या धंद्यातले लोक बाहेर फारसं बोलत नाहीत ती. उत्तम अभिनय हाच पुष्कळदा चित्रपट रेंगाळण्याचं कारण असतो.

सुमार नटाचं काम कापताना हात थरथरत नाही. तीन सेकंदांवर कट, समोरच्याची प्रतिक्रिया, पुढे चला. खरा कस मोठ्या नटाच्या फुटेजवर लागतो. तो वाक्य संपल्यावरही काहीतरी करत असतो. नजर खाली जाते, जबडा किंचित आवळतो, श्वास सुटतो. प्रत्येक फ्रेममध्ये काहीतरी आहे, आणि सेकंदाला २४ फ्रेम. कुठे तोडणार? वॉल्टर मर्च या थोर संकलकांनी एक निरीक्षण नोंदवलंय. १९७४ च्या ‘द कॉन्व्हर्सेशन’वर काम करताना त्यांना दिसलं की आपण जिथे कट ठरवतो, तिथेच अगदी जवळ नायक जीन हॅकमन यांची पापणी लवते. नट खरोखर विचार करत असेल तर एक विचार संपताना त्याची पापणी मिटते, आणि बघणाऱ्यालाही तिथेच तो विचार संपल्यासारखा वाटतो. मी हे स्वतः इतक्या वेळा पडताळून पाहिलंय की आता विसंबून राहते. कच्च्या नटाच्या पापण्या वाटेल तिथे लवतात, कारण तो पुढचं वाक्य आठवत असतो.

पण हाच नियम मोठ्या नटाच्या बाबतीत मोडावासा वाटतो. विचार संपला, पापणी लवली, इथे तोडायला हवं. आणि दिग्दर्शक खांद्यावरून म्हणतो, ‘थांब थांब, पुढे बघ तो काय करतो.’ पुढे तो जे करतो ते सुंदरच असतं. पण प्रसंगाचं काम झालेलं असतं, प्रेक्षकाला जे कळायचं ते कळलेलं असतं, आणि आता आपण सगळे मिळून एका गुणी माणसाचं कौतुक करत बसलोय. असे वीस प्रसंग साठले की दहा-बारा मिनिटं होतात. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही. तो लिहितो: अभिनय अप्रतिम, पण संथ. आणि तो अक्षरशः बरोबर असतो! पहिल्या भागामुळे दुसरा झाला आहे.

म्हणून मी संथ आणि सैल असे दोन शब्द वेगळे ठेवते. संथ म्हणजे दोरी ताणलेली आहे आणि हळूहळू ओढली जाते आहे. सैल म्हणजे दोरी जमिनीवर पडली आहे. लांबून दोन्ही सारखंच दिसतं. फरक ओळखायचा सोपा उपाय: एखाद्या लांब शॉटच्या शेवटी, सुरुवातीला माहीत नव्हतं असं काही तुम्हाला कळलं का? नाडीच्या शॉटच्या आधी तो जाईल असं वाटत होतं. शेवटी तो आता कधीच जाणार नाही हे कळलं. मोठा प्रवास आहे हा, ५१ सेकंद त्याला जास्त नाहीत. याउलट कोणी पाऊस बघत खिडकीशी उभं आहे, आधी उदास होतं, नंतरही उदासच आहे, तर तो शॉट आठ सेकंदांचा असला तरी सैल. मग तिथे कोणीही उभं असो.

अभिनयाबद्दल आणखी एक. या जातीच्या चित्रपटात चांगलं काम म्हणजे दुःख दाखवणं नव्हे, ते झाकायची धडपड दाखवणं. रडणारा माणूस बघताना आपल्याला काही करायला उरत नाही. रडू दाबून, चहा कोणी घेणार का असं विचारणारा माणूस बघताना अर्धं काम आपण करतो. ज्या प्रेक्षकाला प्रश्न सापडलाय तो हे अर्धं काम आनंदाने करतो. ज्याला सापडला नाही त्याला समोर कोऱ्या चेहऱ्याचा एक माणूस दिसतो, आणि तोही बिचारा समजून घेऊन म्हणतो, ‘संयत अभिनय आहे.’

ताऱ्यांचं गणित चटकन उरकते. निम्म्यांनी पाच आणि निम्म्यांनी एक तारा दिला, तर सरासरी तीन. सगळ्यांनीच ‘ठीक आहे’ म्हणून तीन दिले, तरी सरासरी तीनच. आकडा एक, चित्रपट दोन टोकांचे. रॉटन टोमॅटोज या परीक्षणं गोळा करणाऱ्या संकेतस्थळावरची समीक्षकांची टक्केवारी तर किती जणांना आवडला एवढंच सांगते, किती आवडला ते नाही. सिनेमास्कोअर ही अमेरिकी संस्था १९७९ पासून प्रदर्शनाच्या पहिल्याच रात्री प्रेक्षकांकडून श्रेणी घेते. म्हणजे मुख्यतः ट्रेलर बघून, नट बघून आलेल्यांकडून. २००२ मधल्या ‘सोलारिस’ला तिथे ‘एफ’ मिळाला, सर्वांत खालची श्रेणी. स्टीव्हन सोडरबर्ग दिग्दर्शक, जॉर्ज क्लूनी नायक, गोष्ट अंतराळातली. एवढं ऐकून लोक काय अपेक्षेने आत गेले असतील याची कल्पना करा. आत होता विरह आणि आठवणींबद्दलचा एक शांत, मंद चित्रपट. माझ्या मते अशी श्रेणी चित्रपटापेक्षा जाहिरातीला मिळते. संथ चित्रपटांचे ट्रेलर बहुधा दुसरेच लोक कापतात, आणि त्यात अख्ख्या चित्रपटातले चार मोठे आवाज, दोन आदळलेली दारं आणि एक किंकाळी असं सगळं दीड मिनिटात येतं. पहिला चुकीचा प्रश्न प्रेक्षकाच्या हाती तिथेच दिला जातो. तुमच्या झोपलेल्या मित्राने ट्रेलर पाहिला होता का, हे एकदा विचारून बघा.

चित्रपट तुम्ही चौघांनी कशावर पाहिला हे प्रश्नात नाही. पण त्याने फार फरक पडतो, विशेषतः आवाजाने. ज्या चित्रपटात संगीत कमी असतं तिथे खोलीचा आवाज हेच संगीत असतं. नाडीच्या त्या शॉटखाली आम्ही फ्रिजची घरघर ठेवली होती, आणि तो बूट काढतो तेव्हा ती बंद पडते. खटकन. घर एकदम मोकळं वाटतं. हॉलमध्ये हे कानाला नाही, पाठीला जाणवतं. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून अशी खालच्या पट्टीची घरघर उमटतच नाही, त्यामुळे ती थांबल्याचंही कळत नाही. वर दूरच्या शॉटमधला चेहरा नखाएवढा होतो आणि पापणी कुठची दिसायला. म्हणजे तुम्हाला संथपणा पूर्ण मिळतो आणि त्याच्या आतला ऐवज मिळत नाही. हा सौदा कुणाला परवडेल?

दीडपट वेगाने बघणाऱ्यांचं काय? २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने वेग बदलायची चाचणी सुरू केली तेव्हा बऱ्याच दिग्दर्शकांनी जाहीर आरडाओरडा केला; २०२० मध्ये सोय आलीच. मी त्यावर रागावत नाही, पण काय होतं ते सांगते. संवाद समजतात, कथा समजते, आणि माणसाने उत्तर देण्याआधी घेतलेले दोन सेकंद सव्वा-दीडवर येतात. ‘हो’ म्हणण्याआधी दोन सेकंद थांबलेला माणूस खोटं बोलत असतो. एक सेकंद थांबलेला फक्त विचार करत असतो. वेग वाढवला की माणसं बदलतात.

आता तुमच्या चौघांचा निवाडा. ज्या दोघांना आवडला त्यांनी झोपलेल्याला ‘तुला कळला नाही’ म्हणणं बंद करावं. त्याला चित्रपटाने आत घेतलं नाही, त्याचा काही दोष चित्रपटाकडे असू शकतो. झोपलेल्याने ‘काही घडतच नाही’ म्हणू नये. त्याने जिथे डोळे मिटले तिथे बहुधा काहीतरी घडत होतं. आणि तुम्ही कुंपणावर आहात, म्हणजे मधूनमधून आत-बाहेर झाला असणार. हीच जागा सगळ्यात कामाची. पुन्हा बघणार असाल तर अख्खा बघू नका. जिथे तुम्हाला पहिल्यांदा घड्याळ आठवलं तो प्रसंग काढा, आणि त्याच्या आधीची दहा मिनिटं बघा. तिथे एखादी अशी गोष्ट सापडली जी पहिल्या वेळी हातातून निसटली होती, एखादं वाक्य, न उघडलेलं पाकीट, कुणीतरी चुकवलेली नजर, तर बाकीचा चित्रपट आपोआप ताणला जाईल. दहा मिनिटांत काहीच सापडलं नाही, तर तो चित्रपट तिथे खरंच सैल आहे. माझ्यासारखीच कोणीतरी टेबलावर नटाच्या प्रेमात पडली असणार.

नाडीचा शॉट प्रदर्शित चित्रपटात पूर्ण ५१ सेकंदांचाच आहे. पहिल्या सार्वजनिक खेळाला मी नेहमीसारखी कडेला उभी होते. चुळबुळ अजिबात नव्हती. फक्त तिसऱ्या रांगेतला एक माणूस नाडी सुटायच्या क्षणी उठला, शांतपणे बाहेर गेला. मी मनात म्हटलं, चला, एक गेला. पाच मिनिटांनी तो परत येऊन बसला. मध्यंतरात त्याला गाठून विचारलंच, कंटाळा आला होता का? तो म्हणाला, ‘नाही हो. घरी फोन करून आलो.’